तेल निवळतं

गवत कापायच्या यंत्रातलं ऑइल वेळच्या वेळी बदलावं लागतं की नाही, या प्रश्नावर अण्णा आणि माई यांचं यंत्र घरात आल्यापासून एकदाही एकमत झालं नव्हतं. त्यामुळेच संसार टिकला, असं माईंचं मत होतं. त्यावरही अण्णांचं दुमत होतं.

अण्णा वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. दुकानात शिरायचं, तराजूकडे चोराकडे बघावं तसं बघायचं आणि पिशवीतून आपलं वजन काढायचं, यात त्यांची सारी नोकरी सरली. निवृत्तीनंतर गल्लीच्या टोकाचं बैठं घर आणि मागची हिरवळ एवढीच त्यांची हद्द उरली. हद्द आकसली तरी तपासणी ढिली झाली नव्हती. दर रविवारी सकाळी ते यंत्राच्या इंजिनातली ऑइलची पट्टी ओढून काढत, फडक्याने पुसत, पुन्हा बुडवत, आणि उजेडाकडे धरून एक डोळा मिटत. पातळी कमी दिसली तर वरून थोडं घालत. बदलत मात्र कधीच नसत.

"तेल काय दूध आहे, नासायला?" ते म्हणत. "जमिनीच्या पोटात लाखो वर्षं पडून होतं, तेव्हा कोण बदलत होतं?"

"जमिनीच्या पोटात ते गवत कापत नव्हतं," माई म्हणत.

माईंची हयात ऑपरेशन थिएटरात गेलेली. सर्जनचा हात पुढे आला की त्याला काय हवंय हे त्याच्याआधी सिस्टरना, म्हणजे माईंना, कळायचं. आणि त्याने चुकीचं मागितलं तरी हातात बरोबरच पडायचं. शरीर असो की यंत्र, आत फिरणारं द्रव घाण होतं आणि वेळेवर बाहेर काढलं नाही तर रोगी दगावतो, इतकं त्यांचं शास्त्र साधं होतं.

"यंत्राच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, दर हंगामाला बदला."

"पुस्तक कुणी छापलं? यंत्र विकणाऱ्यानेच ना? आणि तेल कोण विकतं? तोच! अगं, दुकानदाराने स्वतःच्याच तराजूला दिलेलं प्रशस्तिपत्र आहे ते."

हे ऐकून शेजारचे कर्नल कुंपणापलीकडून मान डोलवत. कर्नल सैन्यात कधीच नव्हते, विमा कंपनीत होते. पण मिशा तशा होत्या, म्हणून गल्लीनेच त्यांना बढती देऊन टाकली होती.

अण्णा नुसते हेकट असते तर गोष्ट सोपी होती. पण त्यांच्याकडे पुरावा होता. हंगामभर काम करून ऑइल काळवंडत जातं, हे त्यांनाही मान्य होतं. मग थंडीत गवत वाढायचं थांबलं की यंत्र शेडमध्ये विसावत असे. आणि नव्या हंगामाच्या पहिल्या रविवारी पट्टी काढून बघावी, तर ऑइल मधासारखं स्वच्छ! एखाद्या वर्षी नाही, दरवर्षी. यावरून अण्णांनी सिद्धांत मांडला होता: तेल निवळतं. गढूळ पाणी भांड्यात ठेवून दिलं की निवळतं, तसं. रागावलेल्या माणसाला एकटं सोडलं की तो निवळतो, तसं.

"निसर्गाने प्रत्येक वस्तूला विश्रांती नेमून दिलेली आहे," ते कर्नलना सांगत. "आपल्यालाच धीर नाही. जरा काळं दिसलं की म्हणे बदला."

कर्नलनी या सिद्धांतावर विश्वास ठेवून आपल्या यंत्राचं ऑइल बदलणं सोडून दिलं. थोड्याच हंगामांत त्यांचं यंत्र कायमचं निवळलं. "तुमच्या शेडमध्ये हवा खेळत नाही," असं निदान करून अण्णांनी तो अपवाद बाजूला काढला.

खरं कारण माईंना माहीत होतं. ते कारण त्याच होत्या.

थंडीत एक दिवस अण्णांना पेन्शनच्या कचेरीत जाऊन आपण जिवंत असल्याचं दाखवून यावं लागे. रांग मोठी असे. जिवंत माणसं बरीच निघत. माई आपला दिवस मुद्दाम वेगळा ठेवत. "तुम्ही आज जाऊन या. मी जाईन पुढच्या आठवड्यात. तोवर मरायचा विचार नाही." अण्णा फाटकाबाहेर पडले की माई रबरी हातमोजे चढवत. एअर फिल्टर आकाशाकडे राहील अशा बेताने यंत्र कलतं करत, काळं ऑइल थिएटरातल्या जुन्या किडनी ट्रेमध्ये काढून घेत, यंत्र सरळ करून नवं भरत, पट्टी बघत, हात धुवत. काळं ऑइल डब्यातून कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे पोचतं होई. अण्णा जिवंत ठरून घरी येईपर्यंत चहा गाळलेला असे.

हे अण्णांना सांगावं असं त्यांना कधी वाटलं नाही. सांगितलं असतं तर वाद संपला असता, आणि वाद संपल्यावर दोन म्हातारी माणसं जेवताना काय बोलतात, हे त्यांनी दुसऱ्या घरांत पाहिलं होतं. ती औषधांची नावं बोलतात.

त्यांचा मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला एका उंच इमारतीत राहायचा आणि सल्लागार होता. कंपन्या त्याला बोलावत, तो काही दिवस त्यांच्याकडे चहा प्यायचा आणि मग कुठलं खातं बंद करता येईल ते सांगायचा. मुलगा प्रेमळ होता, त्यात वाद नाही. आईवडिलांची काळजी त्याला मनापासून वाटायची. फक्त काळजी वाटली की त्याला जी एकच गोष्ट येत होती ती तो करायचा.

त्याच्याच इमारतीत आठव्या मजल्यावरचा एक फ्लॅट रिकामा होणार होता. एका रविवारी तो सूनबाईला घेऊन आला आणि जेवण झाल्यावर त्याने विषय काढला.

"लिफ्ट आहे, तळमजल्याला डॉक्टर आहे, आम्ही दोन मजले वर आहोत. शिवाय गच्चीवर हिरवळसुद्धा आहे, अण्णा. आणि ती कापावी लागत नाही."

"का? गाय आहे?"

"प्लास्टिकची आहे."

"गाय?"

"हिरवळ, अण्णा!"

"म्हणजे वाढतच नाही?"

"अजिबात नाही."

"मग रविवारी तिथे जाऊन मी काय करायचं? तिची विचारपूस?"

सूनबाईला एकदम खोकला आला. मुलगा मात्र हसला नाही. गेले काही महिने तो अण्णांवर लक्ष ठेवून होता. चष्मा कपाळावर चढवून तोच घरभर शोधणं, सूनबाईला स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारणं, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे ते निवळणारं तेल. म्हातारपणाचा एक मोठा तोटा असा, की माणसाचा हट्ट हट्ट राहत नाही, आजाराचं लक्षण ठरतो. तरुणपणी अण्णा कुणाचं ऐकत नसत तेव्हा लोक म्हणत, काय करारी माणूस आहे! आता तेच अण्णा तेच ऐकत नव्हते, तर मुलगा डॉक्टरांची वेळ घेण्याच्या गोष्टी करत होता.

बरीच हुज्जत झाल्यावर तडजोड निघाली. या हंगामात घर आणि हिरवळ दोघांनी नीट सांभाळली, तर फ्लॅटचं नाव पुन्हा निघणार नाही. नाही जमलं, तर सामान बांधायचं.

"मंजूर," अण्णा म्हणाले. त्यांना कसली धास्ती? नुकतीच पट्टी काढून पाहिली होती. मध होता मध.

माईंनी मुलाकडे पाहिलं आणि त्याला विचारलं, "आणि जमलं की नाही हे ठरवणार कोण?"

"गवतच ठरवेल," मुलगा म्हणाला.

दुपारी दोघं म्हातारी लवंडली, तेव्हा मुलगा शेडमध्ये गेला. सल्लागार निकालाची वाट बघत बसत नसतात. घर विकायला निघालं तर सामानही काढावं लागणार, तेव्हा जाहिरातीसाठी फोटो आताच काढून ठेवलेले बरे, असा त्याचा विचार. यंत्राचे चारी बाजूंनी फोटो झाले. मग खालचं पातंही दिसावं म्हणून त्याने यंत्र कुशीवर पाडलं. सोयीची पडली ती कुशी. एअर फिल्टर जमिनीला टेकला. फोटो छान आला. तेवढ्यात कुठल्याशा कंपनीचा फोन आला आणि यंत्र दुपारभर तसंच आडवं पडून राहिलं. संध्याकाळी निघताना त्याने ते उभं केलं, वर कापड घातलं, आईवडिलांना नमस्कार केला आणि तो गेला.

पुढच्या रविवारी अण्णांनी यंत्र बाहेर काढलं आणि दोरी ओढली. दोरी वीतभर आली आणि थांबली. पुन्हा ओढली. भिंतीत बांधल्यासारखी घट्ट. तिसऱ्यांदा त्यांनी चाकावर पाय रोवून ओढली, तेव्हा खांद्यातून कळ आली आणि ते तिथेच पायरीवर बसले.

पट्टी काढून बघायची त्यांची हिंमत झाली नाही. अण्णांना आयुष्यात दुसऱ्यांचा संशय पुष्कळ आला होता. स्वतःचा हा पहिलाच. सिद्धांत चुकला असेल का, हा संशय नव्हता. तसल्या संशयाने ते डगमगणारे नव्हते. आपण काहीतरी करायचं विसरलो असू का, हा होता. कुठला तरी स्क्रू, कुठली तरी कळ. मुलगा म्हणतो तसं.

"आज आवाज नाही आला," माई आतून म्हणाल्या.

"गवताला जरा वाढू द्यावं. मुळं धरतात."

पुढच्या आठवड्यात गवतात कुठलेसे पक्षी अंडी घालत होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात हवा बरी नव्हती. हिरवळ घोट्यापर्यंत आली, मग पोटरीला लागली. कुठेतरी पाणी मुरतंय हे माईंना कळत होतं, पण ज्याला दुखतंय त्याने आधी बोट दाखवावं, ही त्यांची जुनी शिस्त. कर्नल कुंपणावरून डोकावून म्हणाले, "काय अण्णासाहेब, युद्धबंदी?" आणि अण्णा न हसता घरात निघून गेले. त्याने कर्नल इतके हबकले, की त्यांनी काळजीपोटी थेट मुलालाच फोन केला. शेजारी प्रेमळ असला की दुश्मनाची गरज उरत नाही.

शनिवारी मुलगा आणि सूनबाई हजर झाले. मुलगा मागच्या दारात उभा राहून गवताकडे बघत राहिला. मग शेडमध्ये गेला, यंत्र ढकलत बाहेर आणलं आणि दोरी ओढली. दोरी हलली नाही. आता कुठे माईंना अण्णांच्या पक्ष्यांचा आणि अंड्यांचा उलगडा झाला.

"जाम झालंय," मुलगा म्हणाला. "पिस्टन आत चिकटला. ऑइल न बदलल्यावर हेच होतं. मी वाचलंय." मग तो अण्णांजवळ आला आणि हळूच म्हणाला, "अण्णा, तुम्ही ऑइल बदलायला विसरलात." त्याचं हळूच बोलणं हेच सगळ्यात वाईट होतं.

"विसरलो नाही. मी बदलत नाही."

"हो. तेच."

"तेच कसं? विसरणं वेगळं आणि न करणं वेगळं."

"बरं, वेगळं. चिडू नका. मला एक सांगा अण्णा, आज वार कोणता?"

अण्णांना वार माहीत होता. पण ज्याने जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासली, त्यालाच आज त्याच्या अंगणात तराजूत घातलं होतं, आणि तराजू पोटच्या पोराच्या हातात होता. ते नजर खाली करून चपलेच्या अंगठ्याने गवत चाचपत राहिले.

अण्णा वादात हरलेले माईंनी पाहिले होते. मुद्दा सोडून भांडताना तर हजारदा. पण उत्तर येत असून गप्प बसलेले अण्णा त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. माईंनी तोंड उघडलं तर म्हाताऱ्याचा लाडका सिद्धांत जाणार होता. नाही उघडलं तर म्हातारा आठव्या मजल्यावर जाणार होता. माईंनी हे तोलून बिलून पाहिलं नाही. ते खातं अण्णांचं. त्या आत गेल्या आणि हातमोजे चढवून बाहेर आल्या.

"सरक," त्या मुलाला म्हणाल्या.

"माई, तू कशाला आता यात..."

"थिएटरात नातेवाइकांना मी दाराबाहेर उभं करायचे. तू अजून आत आहेस, हे माझे उपकार समज."

कुंपणापलीकडे कर्नलनी स्टूल आणून ठेवलं आणि ते त्यावर चढले.

माईंनी यंत्राभोवती एक फेरी मारली. एअर फिल्टरचं झाकण काढलं. आतला स्पंज ऑइलने निथळत होता. त्यांनी तो दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला.

"ऑइल आपल्या पायांनी इथे चढत नाही. याला कुणीतरी आडवं पाडलंय, तेही नको त्या कुशीवर. कुणी?"

अण्णा पुटपुटले, "मी नाही. म्हणजे, मला तरी आठवत नाही." ते 'आठवत नाही' त्यांच्या तोंडून निघालं आणि माईंच्या मस्तकात तिडीक गेली.

"अहो, तुम्हीच नाही का?" सूनबाई नवऱ्याला म्हणाली. "त्या रविवारी? फोटो काढायला?"

मुलाने तिच्याकडे असं पाहिलं, की दुसरी एखादी गप्प बसली असती. पण सूनबाईला खोटं बोलता येत नसे, त्यामुळे घरात सगळे तिला वचकून असत.

"कसला फोटो?" माईंनी विचारलं.

"पात्याचा," मुलगा म्हणाला. "खालून."

"पात्याचा फोटो कशाला?" हा अण्णांचा आवाज होता. कित्येक दिवसांनी त्याला धार आली होती. "पासपोर्ट काढायचाय त्याचा?"

"जाहिरातीसाठी," सूनबाई म्हणाली. "विकायच्या."

मुलाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो लहानपणी बरणी फोडायचा तेव्हाही आधी कानच लाल व्हायचे, आणि माईंना त्या क्षणी त्याची थोडी दया आली. पण रोगी टेबलावर होता.

"पाना," असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. शब्द पुरा व्हायच्या आत अण्णांनी स्पार्क प्लगचा पाना त्यांच्या तळव्यावर ठेवला. नेमका त्याच मापाचा. माईंनी वर बघून नुसती मान हलवली. अशी मान हलावी म्हणून मोठमोठ्या सर्जननी वर्षं काढली होती.

प्लग सुटला. माईंनी तो फडक्यावर ठेवला. "ओढा आता दोरी," त्या अण्णांना म्हणाल्या.

"आत नक्की झालंय तरी काय?" असं म्हणत मुलगा प्लगच्या भोकात बघायला समोरून वाकला, आणि अण्णांनी दोरी ओढली.

दोरी सरसरत पूर्ण बाहेर आली, आणि भोकातून ऑइलची चिळकांडी उडून मुलाच्या पांढऱ्या शर्टावर गळ्यापासून पोटापर्यंत उतरली.

"वाकू नकोस," माई म्हणाल्या.

अण्णांनी आणखी दोनतीनदा दोरी ओढली. गरज होती म्हणून नाही. मजा वाटली म्हणून. मग त्यांचं लक्ष शर्टाकडे गेलं. ते पुढे झाले, मुलाच्या छातीवरून बोटाने ऑइल टिपलं, उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटला.

"मध!" ते ओरडले. "बघा! कुठे नासलंय? कुठे आहे काळं? पिस्टन चिकटला म्हणे! अरे, तू आडवं पाडलंस म्हणून तेल पिस्टनच्या डोक्यावर चढून बसलं, म्हणून दोरी अडली. तेल बिचारं निर्मळ आहे! निवळतं! तेल निवळतं!"

कर्नलनी स्टुलावरून टाळ्या वाजवल्या.

मुलाने रुमालाने शर्ट पुसायचा प्रयत्न केला. डाग पसरला. "ठीक आहे," तो म्हणाला. "यंत्र माझ्यामुळे अडलं. माझी चूक, मान्य. पण माई, तूच ऐक आता. जाणता माणूस म्हणतोय की इंजिनातलं ऑइल आपोआप स्वच्छ होतं. मला यंत्राची काळजी नाहीये गं. मला या बोलण्याची काळजी आहे. फ्लॅटवाल्यांना आज कळवायचंय. मी हो म्हणणार आहे."

अण्णांचं बोट हवेतच राहिलं.

"ऑइल मी बदलते," माई म्हणाल्या.

"काय?"

"दरवर्षी. हे जिवंत असल्याचं सांगायला जातात, त्या दिवशी."

पहिल्यांदा कर्नलना कंठ फुटला. "म्हणजे वहिनी, ते... निवळत नाही?"

"नाही हो."

"अहो, माझं यंत्र गेलं त्यापायी!"

"तुम्ही मला विचारलंत कधी?"

मुलाने दोन्ही हात वर केले. "हे तर जास्तच झालं! इतकी वर्षं घरात ऑइल बदललं जातंय आणि अण्णांना पत्ता नाही? मी दुसरं काय म्हणतोय?"

"पत्ता नाही, कारण मी लागू दिला नाही," माई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट थंड झाला होता, आणि त्या आवाजाला एके काळी अख्खं थिएटर टरकायचं. "भूल दिलेल्या माणसाला ऑपरेशन कळलं नाही, तर त्याला वेडा ठरवशील? ऑइल काळं होतं, हे यांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या हंगामात ते स्वच्छ झालेलं पाहिलं. मधे कुणी हात लावताना दिसलं नाही. दर रविवारी तपासणी, दरवर्षी तोच निकाल. यावरून तू काय ठरवलं असतंस? बायको चोरून ऑइल बदलते, हे कुणाच्या डोक्यात येईल? हे विसरलेले नाहीत. हे चुकलेत. विसरायला काही लागत नाही रे, चुकायला डोकं लागतं. आणि इतकी वर्षं, पुरावे गोळा करत, एकाच जागी ठाम चुकायला तर फारच लागतं."

अण्णा हळूच म्हणाले, "म्हणजे मी चुकलो?"

"साफ."

"थोडाफार, की..."

"मुळापासून. एक अक्षर बरोबर नाही त्यात."

माईंना वाटलं होतं, म्हातारा खचेल. अण्णांनी पाठ ताठ केली. शर्टाची कॉलर नीट केली. गेल्या काही आठवड्यांत त्यांच्या तोंडावर साचलेलं काहीतरी बघता बघता उतरलं.

"ऐकलंस?" ते मुलाला म्हणाले. "चुकलो! विसरलो नाही, चुकलो! कर्नल, ऐकलंत ना? मी इतकी वर्षं पूर्ण चुकीचा होतो!"

"ऐकलं, ऐकलं! अभिनंदन!" कर्नल म्हणाले. आपल्या यंत्राचं दुःख ते तेवढ्यापुरतं विसरले.

"आणि आज शनिवार आहे," अण्णा मुलाला म्हणाले. "मघाशी माहीत होतं. विचारायची पद्धत आवडली नाही, म्हणून सांगितलं नाही." मग ते माईंकडे वळले. "आणि तू! खात्यात असतीस तर तुला मी रंगेहाथ पकडलं असतं."

"खात्यात असते तर तुमची बदली केली असती."

सूनबाई आता उघड हसत होती. तिने स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, पिळून, फडक्यात दाबून कोरडा करून आणला. माईंनी प्लग पुसून बसवला. अण्णांनी ऑइल ओतलं आणि माईंनी पट्टी बघून "बस" म्हटलं. अण्णांनी पट्टी त्यांच्या हातून घेऊन पुन्हा तपासली. चुकले होते, सुधारले नव्हते.

दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. इंजिन एकदा खाकरलं. तिसऱ्यांदा अण्णांनी असा हिसका दिला की सूनबाई "अण्णा, जपून!" म्हणाली, आणि इंजिन धडधडून उठलं. त्यातून धुराचा पांढरा लोट निघाला, तो कुंपणाकडे गेला आणि कर्नल स्टुलासकट दिसेनासे झाले. धुरातून फक्त खोकला ऐकू येत होता, तोही आनंदी वाटला. सांडलेलं ऑइल जळून गेलं, धूर विरळ झाला, आणि आवाज एकसुरात लागला.

अण्णांनी पात्याची उंची सर्वांत वरच्या खाचेत अडकवली आणि यंत्र गवतात घातलं. पोटरीइतकं गवत दोन्ही बाजूंनी लवत होतं, पडत होतं. मागे एक सरळ, फिकट हिरवा पट्टा उमटत चालला. ओल्या गवताचा वास अंगणभर झाला. समोरच्या घराची खिडकी उघडली. गल्लीतले दोघंतिघं फाटकाशी आले आणि काही कारण नसताना उभे राहिले. अण्णा टोकाशी पोचले, यंत्र वळवलं, आणि परतताना त्यांनी एक हात सोडून लोकांना असा हलवला, की निवडणूक जिंकलेल्यालाही तो जमला नसता.

मुलगा डाग पडलेल्या शर्टात माईंजवळ येऊन उभा राहिला.

"रेघ सरळ येतेय गं," तो म्हणाला.

"यायचीच."

त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने नाव पाहिलं. "फ्लॅटवाले आहेत. काय सांगू?"

"सांग, यांना वेळ नाही. गवत वाढतंय."

मुलाने फोन कानाला लावला आणि दुसऱ्या कानात बोट घातलं. "नाही," तो म्हणाला. पलीकडच्याला ऐकू गेलं नसावं, कारण अण्णा नेमके यंत्र घेऊन बाजूनेच चालले होते. "नाही म्हणतोय!" तो मोठ्याने म्हणाला. अण्णांनी तिथेच वळण घेतलं. त्या कोपऱ्यात कापण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, पण ते तिथेच घुटमळत राहिले. शेवटी मुलाने छाती भरून घेतली आणि इंजिनाच्याही वर ओरडला, "नको! आम्हाला फ्लॅट नको! ते इथेच राहणार आहेत!"

ते फ्लॅटवाल्याला ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही. फाटकाशी उभ्या असलेल्यांना गेलं, समोरच्या खिडकीला गेलं, कुंपणापलीकडे गेलं. अण्णांना तर पहिल्या खेपेलाच गेलं होतं.